शेवटची सत्तर पानं

“बारा,” संजीवनी म्हणाली.

शिंगाडेंनी यंत्राचा दाब सोडला आणि फुटलेला काँक्रीटचा ठोकळा ब्रशनं खाली ओढला. तुकडे घमेल्यात पडले. संजीवनीनं वाकून त्यातला एक उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. वाळू तिच्या बोटाला लागून आली.

“पहिला साडेअकरा, दुसरा अकरा, हा बारा. मॅडम, वीस पाहिजे होते.”

“पुन्हा बघ,” मी म्हटलं.

“फुटलेला पुन्हा कसा बघू ओ?”

ती हसली, शिंगाडेही हसले. मला हसू आलं नाही, कारण ठोकळ्यांबरोबर आलेली चिठ्ठी मी आधीच वाचली होती. नोकरदार महिला वसतिगृह, दुसऱ्या मजल्याची स्लॅब.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका सरकारी खात्याच्या बांधकाम प्रयोगशाळेत उपअभियंता होते. खात्याचं नाव घेत नाही, घेऊन आता कुणाचंच भलं व्हायचं नाही. आमचं काम तसं साधं. कुठं स्लॅब ओतली की त्याच मालातला थोडा लोखंडी साच्यांत भरायचा, झालेले ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे आणि मग यंत्राखाली घालून फोडायचे. ठोकळा किती दाबाला फुटतो त्यावरून स्लॅब किती भार झेलेल ते कळतं. ठोकळा काही कुणाची भीड धरत नाही. भीड धरायची सोय पुढे, नोंदवहीत केलेली होती. आमच्याकडे आकडा आधी पेन्सिलीनं लिहायचा आणि कार्यकारी अभियंता भोईटे साहेबांच्या नजरेखालून गेला की मग शाईनं. हे कुठल्याही नियमात नव्हतं. मी लागले तेव्हापासून चालत आलं होतं आणि मीही चालू दिलं होतं.

संजीवनी ऐवळेनं शाईचं पेन काढलं, तिन्ही आकडे लिहून टाकले, खाली सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. तिच्या सहीशेजारी माझी सही लागायची.

“पेन्सिल कुठं गेली तुझी?”

“खोडायचं नाही तर पेन्सिल कशाला, मॅडम?”

मी वही मिटली. “उद्या करते,” म्हटलं.

ती सव्वीस वर्षांची, कनिष्ठ अभियंता. लागून आठ महिने झाले होते, अजून नोकरीत कायम व्हायची होती. वडील गवंडी, आई त्यांच्याच हाताखाली घमेली वाहिलेली. पहिल्या दिवशी मला म्हणाली होती, “माल नुसता हातात घेऊन सांगते मी मॅडम, बरा का वाईट ते. घरातच शिकले.” आणि खरोखर सांगायची. मला ती फार आवडायची. हे मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला ते खरं वाटायचं नाही.

भोईटे साहेबांचा निरोप दुपारीच आला. मी गेले नाही, तिला पाठवलं. पाच मिनिटांत ती परत आली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

“काय म्हणाले?”

“बावीस लिही म्हणाले. पान बदलून घे म्हणाले. उद्घाटनाची तारीख ठरलीय, आठ मार्च, महिला दिन. मंत्री यायचेत.” ती स्टुलावर बसली. “मॅडम, तिथं बायका राहणार ओ. आमच्या-तुमच्यासारख्या, नोकरीच्या गावी एकट्या आलेल्या. मीच अर्ज करणार होते खोलीसाठी.”

“मग तू काय सांगितलंस?”

“नाही म्हटलं.”

त्यावर मी काय म्हटलं असेल? “शांतपणे विचार कर,” म्हटलं. माझं हे आवडतं वाक्य होतं. तिनं शांतपणे विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पुण्याच्या मुख्य कार्यालयाला तक्रार पाठवली. तक्रारीत लिहिलं की काटा कुठं थांबला ते मी पाहिलं आणि उपअभियंता शेणोलीकर मॅडम यांनीही पाहिलं. यंत्र चालवणाऱ्या शिंगाडेंचं नाव तिनं वगळलं होतं. त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि त्यांनी तिला हात जोडले होते. म्हणजे साक्षीदार उरले मी.

उत्तर आलं. वीस ऑक्टोबरला चौकशी अधिकारी येतील.

“तुम्ही सांगाल ना, मॅडम?” तिनं विचारलं.

“बघू गं. तू आधी घाबरणं सोड. शनिवारी रिकामी आहेस का? तुला एका ठिकाणी नेते.”

आमच्या गावात ‘पुढचं पान’ नावाचं मंडळ होतं. डॉक्टर, वकील, प्राध्यापिका, बँकेतल्या अधिकारी अशा सोळा-सतरा जणी. दुसऱ्या शनिवारी दुपारी डॉ. कालिंदी हुद्दारांच्या दवाखान्यात, पेशंट नसताना, बाळांच्या पोस्टरांखाली खुर्च्या मांडून आम्ही जमायचो. नोकरी करणाऱ्या बाईनं नोकरी करणाऱ्या बाईला एक प्रेरणादायी पुस्तक सुचवायचं. जिची पाळी तिनं तीन मिनिटांत सांगायचं की हे वाचून मी काय केलं. पुस्तकात काय आहे ते नाही, मी काय केलं ते. मग स्वतःची प्रत जिला गरज आहे तिच्या हातात द्यायची, तिनं ती महिन्यात वाचून परत करायची. हुद्दारबाई घड्याळ लावून बसायच्या. प्रसूती असो नाहीतर पुस्तक, त्यांना वेळेवर लागायचं.

त्या शनिवारी माझी पाळी होती. मी नेलेलं पुस्तक म्हणजे कालव्याच्या कामावर ओव्हरसीयर म्हणून नोकरी केलेल्या एका बाईंचं आत्मचरित्र. चांगलं दोनशे दहा पानांचं. पुरुषांच्या छावणीत एकटी बाई, कच्चं बांधकाम पास करायला नकार देते, साहेब छळतो, ती वरपर्यंत तक्रार करते. मी उभी राहिले आणि सांगितलं की या पुस्तकानं मला ताठ उभं राहायला शिकवलं. वाकायचा प्रसंग आला की मला या बाई आठवतात. दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली होती. टाळ्या पडल्या.

मग मी संजीवनीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत पुस्तक तिच्या हातात दिलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, “चि. संजीवनीस, मागे वळून पाहू नकोस.”

“अगदी योग्य हातात पडलं,” हुद्दारबाई म्हणाल्या. तक्रारीचं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. मग त्यांनी सगळ्यांना बातमी दिली. नवं महिला वसतिगृह उघडेल तेव्हा तिथं आपल्या मंडळातर्फे पुस्तकांचं कपाट ठेवायचं, आणि त्याबरोबर आपण सुचवलेल्या सगळ्या पुस्तकांची एक छापील पुस्तिका. कलेक्टरांनी होकार दिलाय.

पुन्हा टाळ्या. संजीवनीनं माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटांची ताटली पुढे केली.

परत जाताना आम्ही रिक्षास्टँडपर्यंत चालत गेलो. रिक्षा आल्यावर ती म्हणाली, “वाचते मी हे. पण मॅडम, वीस तारखेला माझ्याबरोबर आत येणार ना तुम्ही?”

“आधी वाच तर. मग बोलू.”

पुढचे दहा दिवस तिला कुणी चहाला हाक मारली नाही. आमच्या कार्यालयात माणसाला वाळीत टाकायला ठराव करावा लागत नाही. तिच्या टेबलावरचा पंखा दुरुस्तीला गेला तो आलाच नाही. तिच्या जातीवरून कोण काय बोललं ते माझ्या कानावर आलं, तिच्याही आलं असणार. एके दिवशी तिचे वडील येऊन फाटकाशी उभे राहिले. डोक्याला टॉवेल, विजारीवर सिमेंटचे डाग. मला नमस्कार करून म्हणाले, “बाईसाहेब, पोरगी सांगती त्ये खरंच हाय का? बारावरच आला आकडा?”

“हो.”

“मग काय वादच न्हाई.” त्यांनी मान हलवली. “तुमी हायसा म्हनून मी घोर करत न्हाई.”

मला त्यांच्याकडे बघवेना. साइटवर जायचंय असं सांगून मी आत गेले.

भोईटे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं ते सोळा तारखेला. चहा मागवला. धमकी वगैरे काही नाही, तो माणूस कधी आवाज चढवायचा नाही.

“शेणोलीकरबाई, बढतीची यादी सहीला गेलीय. जिल्ह्यातल्या पहिल्या बाई कार्यकारी अभियंता. आम्हालाही अभिमान आहे हो.” त्यांनी बशीतला चहा संपवला. “तेवढ्या चार दिवसांत गडबड नको. त्या मुलीला समजवा. तुमचं ऐकते ती. तिचं वय आहे, उगाच नोकरीला मुकेल.”

“ठोकळे खरंच कच्चे होते, साहेब.”

“ठोकळे भरणारा कच्चा असेल. इमारत कुणी फोडून बघितलीय?”

मी काही कबूल केलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कपबशी उचलून बाजूला ठेवली आणि आले. सव्वीस वर्षं मी या खात्यात होते, त्यातली पहिली दहा वर्षं साइटवर बायकांसाठी मोरीसुद्धा नव्हती. त्या खुर्चीवर माझा हक्क होता असं मला वाटत होतं. आजही वाटतं, आणि लाजही त्याचीच वाटते.

एकोणीस तारखेला जेवणाच्या सुट्टीत संजीवनी माझ्या खोलीत आली. डबा घेऊन आली होती, बरोबर पुस्तक. वर्तमानपत्राचं कव्हर घालून नीट ठेवलेलं. आम्ही बऱ्याच दिवसांनी एकत्र जेवायला बसलो. तिनं मला शेंगदाण्याची चटणी वाढली.

“वाचून झालं?” मी विचारलं.

“झालं. दोनदा.”

“अरे वा!”

“शेवट मात्र मला वाटला होता तसा निघाला नाही, मॅडम.”

“हो ना,” मी म्हटलं.

ती भाकरीचा तुकडा मोडत बसली. तो तिनं तोंडात घातला नाही.

“त्या बाई तक्रार मागे घेतात. चौकशीच्या आदल्या दिवशी. साहेबाला सांगतात, माझीच मोजण्यात चूक झाली. मग घरी जाऊन पोटभर जेवतात. आणि लिहितात, की आधी माणसानं टिकावं, लढायला पुढं जन्म पडलाय.” तिनं वर पाहिलं. “तेच ना?”

आता सांगते. मी ते पुस्तक एकशे चाळीस पानांपर्यंत वाचलं होतं. तक्रार टपालात पडते तिथपर्यंत. पुढची सत्तर पानं वाचायची राहून गेली होती. घर, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, आमच्यातल्या कुणाला पुस्तकं संपवायला वेळ होता? माझी खात्री आहे, त्या दवाखान्यात टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या जणींचं हेच होतं. शंभर पानं वाचायची, सूर पकडायचा आणि तीन मिनिटं बोलायचं. कुणी कुणाला शेवट विचारायचं नाही, हा आमच्या मंडळाचा न सांगितलेला नियम होता.

आणि संजीवनीनं सांगितलेला शेवट ऐकून मला काय वाटलं? मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं कुणी उचलून घ्यावं तसं. मला काही बोलावंच लागलं नव्हतं. माझ्या वतीनं पुस्तकच बोललं होतं.

“तेच,” मी म्हटलं. “म्हणूनच तर तुला दिलं.”

“म्हणजे शेवट ध्यानात ठेवून दिलं होतंत?”

“अगं, तोंडानं कसं सांगणार तुला? काही गोष्टी पुस्तकानं सांगितलेल्याच बऱ्या.”

“तुम्हाला पटतं ते? मागं घेणं?”

“त्या बाई मूर्ख नव्हत्या, संजीवनी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्या बघण्यात. असता तर बरं झालं असतं. मग तिनं भाकरी डब्यात परत ठेवली, चटणीची वाटी पुसली, झाकण लावलं आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

“बरं झालं विचारलं ते,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौकशी अधिकारी आले. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. संजीवनीनं उभ्यानंच सांगितलं की काटा वाचताना माझी चूक झाली, मी नवीन आहे, मला माफी असावी. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुमचं काय म्हणणं, मॅडम?”

“तिचं बरोबर आहे,” मी म्हटलं.

“चूक झाली हे?”

“हो.”

नोंदवहीच्या त्या पानावर मी लाल शाईनं शेरा मारला, वाचन चुकीचं, चाचणी रद्द. खाली सही केली, जी महिनाभर लांबवत आले होते. त्याच आठवड्यात ठेकेदारानं नवे ठोकळे पाठवले. ते कुठल्या मालाचे होते देव जाणे. बावीसला फुटले.

संजीवनीनं दिवाळीच्या आधी राजीनामा दिला. कुणी काढलं नाही तिला, उलट भोईटे साहेब थांब म्हणाले. ती थांबली नाही.

नोव्हेंबरात हुद्दारबाईंचा फोन आला. पुस्तिका छपाईला जायचीय, तुझ्या पुस्तकावर दहा ओळी पाहिजेत, शेवटासकट, कारण शिक्षण खात्यातला कुणी अधिकारी म्हणाला की नुसती स्तुती नको. मी म्हटलं, लगेच देते. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गॅलरीत बसले आणि पान एकशे एक्केचाळीस उघडलं.

बाई चौकशीला जातात. व्हरांड्यातल्या बाकावर सकाळपासून बसून राहतात. साहेबाचे लोक समोरून हसत जातात. दुपारी नकाशे गिरवणारी कृष्णाबाई म्हणून एक म्हातारी कारकुनीण डबा घेऊन येते, त्यांच्या शेजारी बसते आणि म्हणते, मीही पाहिलंय, मीही आत येणार. तिला कुणी बोलावलेलं नसतं. दोघी आत जातात. दोघींनाही पुढे भोगावं लागतं, एकीला तर दोन वर्षं घरी बसावं लागतं, आणि निकाल लागतो तोवर कृष्णाबाई वारलेली असते. पण तक्रार मागे घेणं? ते सत्तर पानांत कुठंच नव्हतं. पोटभर जेवणं नव्हतं. आधी टिकावं, मग लढावं, हेही नव्हतं. पानं चिकटली असतील म्हणून मी एकेक सुटं करून पाहिलं. पुन्हा एकदा सगळं वाचलं. गॅलरीत ऊन होतं आणि मला थंडी वाजत होती.

त्याच आठवड्यात ती आली. अनुभवाच्या दाखल्यावर माझी सही हवी होती. खाजगी शिकवणी सुरू केली होती तिनं, दहावीची गणितं.

“बस,” मी म्हटलं. ती बसली नाही.

“मी वाचलं ते पुस्तक. पूर्ण.”

“कधी?”

“रविवारी.”

तिनं मान डोलवली. आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही.

“तू तसं का सांगितलंस मला? उलटा शेवट?”

“सहज,” म्हणाली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, “मला वाटलं तुम्ही रागवाल. गाढवे, काय वाचलंस, असं कुठं लिहिलंय त्यात, असं म्हणाल. आत नसता आला तरी चाललं असतं ओ मॅडम. तेवढं रागावला असता ना, तर मी एकटीनं जाऊन सांगितलं असतं सगळं.”

मला रडू आलं. तिच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता, पण आलं. ती दाखला घेऊन तशीच उभी राहिली. धीर द्यायला पुढे झाली नाही.

“अजून वेळ गेलेली नाही,” मी म्हटलं. “इमारतीला अजून गिलावा चाललाय. पुन्हा लिहिता येईल.”

“मग लिहा की. मी आता कुठं खात्यात आहे? तुम्ही आहात.”

मी दाखल्यावर सही केली. ती गेली. मी खरोखर कागद ओढून घेतला, वर तारीख घातली, “महोदय” लिहिलं. गुरुवारी बढतीचा आदेश आला. तो कागद मी फाडला नाही, खणात ठेवला. तसं केलं की माणसाला वाटतं, अजून काहीतरी बाकी आहे आपल्यात.

आठ मार्चला वसतिगृहाचं उद्घाटन झालं. मंडप, रांगोळी, फेटे बांधलेल्या विद्यार्थिनी. मंत्र्यांच्या हस्ते माझा सत्कार झाला, जिल्ह्यातल्या पहिल्या महिला कार्यकारी अभियंता म्हणून. तळमजल्यावरच्या पुस्तकांच्या कपाटाची फीत मी कापली. हुद्दारबाईंनी पुस्तिका वाटल्या. त्यात माझ्या दहा ओळी होत्या, शेवटासकट, अचूक. भाषणात मी कृष्णाबाईचा प्रसंग सांगितला आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती इमारत आज उभी आहे. नवा रंग दिलाय म्हणतात. पावसाळ्यात छतातून पाणी ठिबकतं असंही म्हणतात. त्या रस्त्यानं मी जात नाही. रोज पेपर आला की आधी आतलं जिल्ह्याचं पान उघडते आणि ते सगळं वाचून होईतो माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. संजीवनीला मी पुन्हा भेटले नाही. तिचे वडील एकदा बाजारात दिसले, त्यांनी मला ओळखलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

पण मला सांगायचंय ते त्या आठ मार्चचंच. समारंभ संपला, मंत्री गेले, बायका चहाकडे वळल्या. मी कपाटाजवळ एकटी उभी होते. तेवढ्यात एक मुलगी आली. तेवीस-चोवीसची, नवी कोरी साडी, पदराला लावलेली पिन सुटायला आलेली.

“मॅडम, मी हर्षला. कोर्टात स्टेनो आहे, आठवड्यापूर्वीच लागले. तुमचं भाषण फार आवडलं मला.” “घरापासून पहिल्यांदाच लांब राहतेय. यातलं आधी कुठलं वाचू?”

“खोली मिळाली का तुला?”

“हो, कालच सामान आणलं. दुसऱ्या मजल्यावरची, मधली. चौघी आहोत. वारा किती छान येतो!”

मधली खोली. चार कॉट, चार लोखंडी कपाटं, चार मुली. माझ्या डोक्यानं मी न सांगताच भाराची बेरीज केली, एवढी वर्षं तेच केलं होतं मी. आसपास कुणी नव्हतं. तिथं राहू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. का म्हणून तिनं विचारलं असतं आणि मग बाकीचं आपोआप बाहेर पडलं असतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय सांगेन ते ऐकायला.

मी कपाटात हात घातला आणि हाताला लागलं ते पुस्तक काढलं. कुणाचं होतं, कशावर होतं, मला माहीत नव्हतं.

“हे वाच,” मी म्हटलं. “मला फार बळ मिळालं यातनं.”

तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि जिना चढून वर गेली.